बोटवाल्या पाहुण्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न (नळावर, रिक्षात आणि हळदीकुंकवाला)

जानेवारीत आमच्या घरी नऊ दिवस एक परदेशी जोडपं राहून गेलं. दोघंही साठीच्या पुढची, न्यूझीलंडची, आणि गेली सहा वर्षं शिडाच्या बोटीवर संसार करणारी. माझा भाचा कोचीला नोकरीला आहे. त्याची त्यांच्याशी ओळख झाली आणि त्याने परस्पर आमचा पत्ता देऊन टाकला. पाहुणे गेले, पण प्रश्न काही गेले नाहीत. हळदीकुंकवाला बायका तिळगूळ नंतर घेतात, आधी बोटीचं विचारतात. शेवटी आमचे हे म्हणाले, "एकदाचं लिहून काढ, म्हणजे माझा चहा वेळेवर होईल." त्यांची नावं मुद्दामच लिहीत नाही. गल्लीतल्या पोरांनी त्यांना बोटवाले काका आणि बोटवाल्या काकू करून टाकलं होतं, तेवढं पुरे.

काकू, बोट कुठं लावली होती? हिप्परग्याच्या तळ्यात?

हा प्रश्न मला निदान सहा जणांनी विचारला, त्यातल्या दोघांनी अगदी गंभीरपणे. नाही, बोट कोचीला होती, बोलगट्टी बेटावरच्या मरीनात. मरीना म्हणजे बोटींचा वाहनतळ समजा: धक्क्याला बांधायचं, वीज-पाणी मिळतं, रोजचं भाडं भरायचं. बोट तिथे सुरक्षित ठेवून ते जयंती जनता एक्सप्रेसने सोलापूरला आले. एका दिवसाहून जास्त प्रवास. उतरल्यावर मी "दमला असाल" म्हणाले तर काकू म्हणाल्या की रात्रभर दुसराच कोणी गाडी चालवतोय, आपण नुसतं झोपायचं, ही तर चैन झाली.

आपल्या गावापासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी अडीच-तीनशे किलोमीटर. तरी समुद्राशी आपला अगदीच संबंध नाही असं नाही. त्याचं पुढे कुडलच्या वेळी सांगते.

बोट म्हणजे केवढी? जहाज का?

लांबी १२ मीटर, म्हणजे एसटीच्या गाडीएवढी. पण रुंदी मधेच काय ती चार मीटर, दोन्ही टोकांना निमुळती. आत दोन झोपायच्या खोल्या, एक संडास, एक टेबल आणि माझ्या देवघराएवढं स्वयंपाकघर. शेगडी झोपाळ्यासारखी टांगलेली असते. बोट कलली की शेगडी सरळ राहते आणि आमटी पातेल्यातच राहते. इंजिन आहे, पण ते बंदरात शिरताना नाहीतर वारा पडल्यावर. बाकी सगळं शिडावर.

वेग ऐकून सगळ्यांचा विरस होतो. ताशी पाच नॉट, म्हणजे नऊ किलोमीटर. आपला सायकलवाला पुढे जाईल. दिवसरात्र न थांबता चालवली तरी चोवीस तासांत २२० किलोमीटर. म्हणजे सोलापूरहून निघालेला माणूस दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुण्यालासुद्धा पोचलेला नसतो.

मग रात्री कुठं थांबतात?

सगळ्यात चांगला प्रश्न हा, आणि तो विचारला आमच्या दूधवाल्याने.

थांबतच नाहीत. थांबणार कसे? मलेशियातल्या लंकावीहून श्रीलंकेतल्या गॉलपर्यंत त्यांना दहा दिवस लागले. मधे बंगालचा उपसागर. नांगराची साखळी साठ मीटर आणि तळ तीन किलोमीटर खाली. त्यामुळे बोट चालूच राहते आणि दोघं पाळीपाळीने जागतात. रात्री तीन तास हा, तीन तास ती. सुकाणू धरून बसावं लागत नाही, वाऱ्याच्या दिशेवर चालणारं एक यंत्र ते सांभाळतं. जागणाऱ्याचं काम एकच, दर दहा-पंधरा मिनिटांनी उठून चारी बाजूंना बघायचं. दहा-पंधराच का, तर मालवाहू जहाज क्षितिजावर दिसल्यापासून अंगावर यायला साधारण तेवढाच वेळ लागतो. मोठी जहाजं आपली जागा, वेग आणि दिशा रेडिओवरून सतत सांगत असतात, ती यांच्या पडद्यावर दिसतात. पण केरळच्या किनाऱ्यालगतच्या लहान मच्छीमार होड्या त्या पडद्यावर नसतात, कित्येकींना दिवाही नसतो, आणि जाळी पसरलेली असतात. काका म्हणाले, दहा दिवसांच्या उपसागरापेक्षा कोचीच्या आधीची एक रात्र जड गेली.

याचा परिणाम आमच्या घरातही दिसला. पहिल्या रात्री दोन वाजता स्वयंपाकघरात दिवा दिसला म्हणून मी उठले. काकू खिडकीतून बाहेर बघत उभ्या होत्या. पाळीची सवय जात नाही म्हणाल्या. गल्लीतलं काळं कुत्रं उजवीकडून डावीकडे गेलं, एवढी नोंद त्यांनी मला दिली.

जमिनीवर त्यांना बरं वाटतं का? चक्कर येत नाही?

येते. पहिले दोन दिवस जमीन हलल्यासारखी वाटते, विशेषतः न्हाणीघरात डोळे मिटले की. औषध लागत नाही, आपोआप जातं.

प्यायला पाणी कुठून आणतात? समुद्राचं पितात?

समुद्राचंच, पण गोडं करून. आपल्या घरच्या आरओचाच थोरला भाऊ. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं. ते गाळायला आपल्या यंत्राच्या कितीतरी पट दाब लागतो, आणि दाबाला वीज लागते. वीज सौर पाट्यांवरची. आभाळ भरून आलं की वीज कमी, म्हणून पाणी कमी. टाकी ४०० लिटरची. दोघांचा हिशेब दिवसाला जास्तीत जास्त चाळीस लिटर. भांडी आधी समुद्राच्या पाण्यात घासायची, शेवटचा हात गोड्या पाण्याचा. अंघोळही तशीच.

आता आपली गोष्ट. ते आले त्याच्या दुसऱ्या दिवशी नळाला पाणी होतं, चार दिवसांनी. मला जरा शरमल्यासारखं झालं. अंगणात तीन पिंपं, मोरीत दोन, गच्चीवर टाकी, वर कळश्या-बादल्या. परदेशी माणसांना काय सांगायचं? उजनी धरण भरलेलं असलं तरी आमच्या नळाला रोज पाणी नसतं, हे इंग्रजीत कसं म्हणायचं, या विचारात मी होते. तर काकू बाह्या सरसावून पुढे, कुठलं पिंप पिण्याचं, कुठलं वापरायचं, झाकण कुणाचं कुठे, एका मिनिटात समजून घेतलं. काकांनी पिंपात काठी बुडवून पातळी मोजली आणि खडूने भिंतीवर लिहिली. नऊ दिवसांत त्या दोघांनी मिळून जेवढं पाणी वापरलं, तेवढं पुण्याचा आमचा जावई एका दिवाळीच्या अंघोळीला वापरतो. मोठ्या शहरांतून आलेल्या पाहुण्यांना मी आजवर पाण्याबद्दल हळूच सूचना देत आलेय. या वेळी सूचना मला मिळाल्या. भाजी धुतलेलं पाणी तुळशीला घालते, ते बघून काकूंनी मला शंभर टक्के गुण दिले.

पण सोलापुरात बघायला काय हाय ओ?

हे विचारणारे सगळे सोलापूरचेच. बाहेरचा माणूस हे कधी विचारत नाही, तो येतो आणि बघतो.

भाच्याने त्यांना यादी दिली होती: पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट, विजापूरचा गोल घुमट. त्यांनी यातलं विजापूर केलं. १६५६ सालच्या त्या घुमटाखाली काका या टोकाला कुजबुजले आणि काकूंनी त्या टोकाला ऐकलं. काकू म्हणाल्या, वादळात एवढं ऐकू आलं असतं तर लग्न जास्त सुखाचं झालं असतं. बाकी यादी त्यांनी घडी घालून ठेवली, कारण तोवर गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची संक्रांतीची यात्रा, सुरू झाला होता.

गड्ड्याबद्दल सोलापूरकराला मी काय सांगणार? पण त्यांच्या नजरेतून एक गोष्ट मला नवी दिसली. सात नंदीध्वज निघाले, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र"चा गजर, आणि काका मान वर करून उभे. हलेचनात. त्यांच्या बोटीची डोलकाठी सोळा मीटरची आहे आणि ती उभी ठेवायला चारी बाजूंनी पोलादी तारा ताणलेल्या असतात. एक तार तुटली तर काठी कोसळते. आणि इथे एवढा उंच, जड ध्वज एक माणूस कमरेशी टेकवून, तोल सांभाळत चालतोय, वर ६८ लिंगांची प्रदक्षिणा करतोय. तारा कुठायत, म्हणून विचारत होते. मी आजूबाजूची माणसं दाखवली. पुढचा अर्धा तास त्यांनी ध्वजाकडे बघितलंच नाही, धरणाऱ्याच्या पावलांकडे बघत होते. या लोकांचा सराव कित्येक आठवडे आधी रात्री सुरू होतो हे सांगितल्यावर म्हणाले, "मग बरोबर."

संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा झाला. कुंभारकन्येचा सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी विवाह, बाराव्या शतकातली कथा. "दिड्डम दिड्डम" झालं की हजारो हात एकदम वर जातात. काकूंच्या केसांत दुसऱ्या दिवशीही अक्षता सापडल्या. वहीत चिकटवून ठेवल्यात म्हणे.

कुडलला आम्ही भाड्याच्या गाडीने गेलो. हत्तरसंग कुडल, गावापासून चाळीसेक किलोमीटर, भीमा आणि सीनेचा संगम. तिथल्या मंदिरात शके ९४०चा, म्हणजे १०१८ सालचा मराठी शिलालेख आहे. हे वाचणारा विजयी होईल, अशा अर्थाचा. हजार वर्षांपूर्वी कुणीतरी वाचणाऱ्याला आशीर्वाद दिलाय, आणि आपल्यातले किती जण वाचायला जातात? असो. मी त्यांना संगमावर नेऊन सांगितलं, हे पाणी भीमेतून कृष्णेत जातं आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला मिळते. तुम्ही दहा दिवस ज्यातून आलात, त्यात आमचं थोडं आहे. काका खाली उतरले, ओंजळीत पाणी घेतलं, आणि पाहुण्याला शोभेल अशा गांभीर्याने म्हणाले की चवीवरून ओळखायला हवं होतं.

नान्नजच्या अभयारण्यात माळढोक पक्षी दिसला नाही. काळवीट भरपूर दिसले. डॉ. कोटणीसांचं स्मारक त्यांनी स्वतःहून शोधून काढलं. १९३८ साली बोटीने चीनला गेलेला आणि १९४२ मध्ये अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेलेला सोलापूरचा पोरगा. चार हुतात्मा चौकात थांबून मी त्यांना १९३० चा मार्शल लॉ आणि १२ जानेवारी १९३१ ची फाशी सांगितली. धनशेट्टी, सारडा, कुर्बान हुसेन, शिंदे अशी चारही नावं त्यांनी माझ्यामागून म्हटली. भुईकोट किल्ला बाहेरूनच. ऊन झालं होतं.

उन्हाळा सोसला का? ते थंड देशातले ना?

जानेवारीत कसला उन्हाळा. शिवाय दोन वर्षं ते इंडोनेशिया-मलेशियातच होते, त्यांना उकाड्याचं नवल नाही. पण सोलापूर कर्कवृत्ताच्या बरंच दक्षिणेला असूनही इथली हवा कोरडी, पहाटे गार. काकू म्हणाल्या, दोन वर्षांत पहिल्यांदा पांघरूण घेऊन झोपले.

चादर घेतली का नाही?

घेतल्या. चार. आणि टॉवेल बारा!

त्यामागे कारण आहे. बोटीवर कपडा एकदा खाऱ्या पाण्याने भिजला की कधीच पुरता वाळत नाही. मीठ हवेतली ओल ओढून घेत राहतं. म्हणून त्यांना पातळ, झटकन वाळणारा, गोड्या पाण्याच्या एका खळबळीत मीठ सोडणारा कपडा हवा असतो. पूर्वभागात एका कारखान्यात गेलो. आत मागांचा आवाज एवढा की खुणांनीच बोलायचं. मालक घरात तेलुगू बोलणारे, गिऱ्हाइकाशी मराठी, हमालाशी कन्नड, आणि काकांशी इंग्रजी. काकांनी चादर उजेडात धरली, उलटी केली, काठ ओढून बघितला. उलट्या बाजूलाही तीच नक्षी उलट रंगात दिसते हे बघून खूश झाले. ज्याची शिडं उन्हाने विरतात तो माणूस कापड बघताना रंग बघत नाही, वीण बघतो.

खरी मजा ताडपत्रीच्या दुकानात झाली. त्यांच्या बोटीवरच्या सावलीच्या छताची शिवण उसवली होती, ते छत ते कोचीहून बॅगेत कोंबून घेऊनच आले होते! नेहमीच्या दुकानदाराने सुती दोऱ्याने शिवू का विचारलं. काका घाबरले. सुती दोरा उन्हा-मिठात कुजतो. मग पॉलिस्टरचा दोरा, दुहेरी शिवण, कोपऱ्यांना चामड्याचे तुकडे, पितळी डोळे. दुकानदाराने बैलगाडी-ट्रॅक्टरच्या ताडपत्र्या शिवण्यात हयात घातलेली. दोन तास दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती आणि अडलं काहीच नाही. पैसे घेताना मात्र दुकानदार मला म्हणाला, "ओ काकू, ह्यांना सांगा, पाऊस पडला तरी गळणार नाही. समुद्राचं मला काय म्हाईत नाय."

जेवायचे काय? तिखट चालतं का?

तिखट चालतं. काकांना शेंगा भाजी एवढी आवडली की तिसऱ्या दिवशी त्यांनी चमचा सोडून दिला. हुरडा पार्टीला नेलं, गुळभेंडी ज्वारी कोवळी होती. शेंगा पोळी, धपाटे, संक्रांतीची भोगीची भाजी, सगळं झालं.

पण कडक भाकरीवर त्यांचा जीव बसला, त्याचं कारण चव नव्हे. आमच्या शेजारच्या आजी पाटावर भाकऱ्या उतरंडीसारख्या रचून ठेवतात. त्यांनी सहज सांगितलं की महिना-दीड महिना टिकतात, ओल लागू द्यायची नाही एवढंच. काकूंनी मला तीनदा भाषांतर करायला लावलं. फ्रीज नको? नको. तेल? नको. फक्त ज्वारी, मीठ, तीळ आणि पाणी? हो. त्यांच्याकडे पावाला चौथ्या दिवशी बुरशी येते, बिस्किटांना दमटपणा, पिठात किडे. समुद्रावरच्या माणसाला ताजं अन्न पुरत नाही, टिकणारं लागतं. आणि आपलं सगळं जेवणच मुळात टिकण्यासाठी घडलेलं: पाणी कमी, पाऊस भरवशाचा नाही, शेतकरी दिवसभर रानात, वारीला गेलेला माणूस आठवडे बाहेर. शेंगाची चटणी, जवसाची चटणी, कारळं, सांडगे, भाकरी. दुष्काळी मुलखाची शिदोरी ती. ती दर्यावर एवढी चालेल असं आपल्याला कधी वाटलं नव्हतं.

जाताना शंभर कडक भाकऱ्या, तीन किलो शेंगा चटणी. मी खोक्यात भरायला घेतलं तर काकूंनी खोकं दाराबाहेर ठेवलं. पुठ्ठ्याच्या घड्यांत झुरळांची अंडी असतात, बोटीवर पुठ्ठा चढूच देत नाहीत. सगळं स्टीलच्या आणि प्लॅस्टिकच्या घट्ट डब्यांत. माझे चांगले चार डबे गेले.

पोलिसांत कळवावं लागतं का?

लागतं. हॉटेल असो की घर, परदेशी माणूस मुक्कामाला आला की यजमानाने २४ तासांत एफआरआरओच्या, म्हणजे परदेशी लोकांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या, संकेतस्थळावर माहिती भरायची. याला सगळे सी-फॉर्म म्हणतात. आमच्या नातीने भरला. स्टेशनजवळच्या एका लॉजने त्यांना आधी खोली नाकारली होती, बहुतेक याच कटकटीमुळे.

बोट घेऊन येणाऱ्याचं वेगळं. व्हिसा आधी काढलेला हवा, बंदरात शिरताना पिवळं निशाण लावायचं, मग आरोग्य, कस्टम, इमिग्रेशन. ते सगळं होईपर्यंत जमिनीवर पाऊल टाकायचं नाही. कोचीत त्यांचा पूर्ण दिवस गेला. एक महत्त्वाचं: सॅटेलाइट फोन. आपल्याकडे तो परवानगीशिवाय चालत नाही, आणि अजाणतेपणी बाळगणारे परदेशी पाहुणे अडचणीत आलेले आहेत. यांनी तो कस्टमला आधीच सांगून बोटीवर बंद करून ठेवला होता.

दोघंच असतात तर भांडत नाहीत का?

बायकांचा सगळ्यात आवडता प्रश्न. भांडतात. पण नांगर टाकताना ओरडायचं नाही असा त्यांचा नियम आहे, पुढे एक आणि मागे एक असताना फक्त हातांच्या खुणा. मी हा नियम आमच्या ह्यांना गाडी मागे घेतानासाठी सुचवला. त्यांनी ऐकू न आल्याचं दाखवलं.

एवढा पैसा कुठनं येतो?

घर भाड्याने दिलंय. बाकी मी विचारलं नाही.

चाचे?

मार्ग बदललाय. तांबड्या समुद्राकडे न जाता मालदीव, मग आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून जाणार.

आपल्यातलं कोणी असं करतं का?

करतं तर! दिलीप दोंदे, मराठी माणूस, नौदलातला. २००९-१० मध्ये 'म्हादेई' नावाच्या शिडाच्या बोटीवरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, असं करणारे पहिले भारतीय. ती बोट गोव्यात बांधलेली. त्याच बोटीवरून अभिलाष टॉमींनी कुठेही न थांबता फेरी पुरी केली, २०१३ मध्ये. २०१७-१८ मध्ये नौदलातल्या सहा बायका 'तारिणी'वरून जग फिरून आल्या. पाहुण्यांना ही सगळी नावं माहीत होती. मला नव्हती. त्यांच्याकडून ऐकली.

सध्या कुठं आहेत? भाकऱ्या संपल्या का?

मालदीवला पोचल्याचा निरोप आला. भाकऱ्या ६२ उरल्यात, त्या काकू मोजून वहीत लिहितात. एक डबा नीट बंद झाला नव्हता, त्यातल्या आठ मऊ पडल्या. त्या तव्यावर पुन्हा कडक करता येतील का, असं आजींना विचारायला सांगितलंय. आजी म्हणतात, येतील, पण आच मंद ठेवा आणि तवा सोडून कुठे जाऊ नका. झुलत्या शेगडीचं त्यांना मी अजून सांगितलेलं नाही.